घुंगुरकाठी ते मोबाइल : पेण-रोह्याकडील निरोपाचा इतिहास

यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्र कोणी शोधले, कोणत्या साली आले आणि किती विकले गेले एवढेच लिहितात. ते कोणाच्या हाती आधी पडले, कोणाच्या हाती शेवटी पडले आणि हाती पडल्यावर त्याने कोणाचे काय केले, हा प्रश्न त्यांना पडत नाही. न पडण्याचे कारण उघड आहे. ज्यांच्या घरी यंत्र पहिल्यांदा येते त्यांनीच इतिहास लिहिलेला असतो. आज पेण आणि रोहे तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांत व आदिवासी वाड्यांत मोबाइल पोहोचला आहे, आणि 'आता सगळे सारखे झाले' असे म्हणण्याची रीत पडली आहे. हे विधान खरे की खोटे हे ठरवायचे तर मोबाइलपासून सुरुवात करून चालणार नाही; निरोपापासून केली पाहिजे. मोबाइल म्हणजे शेवटी निरोपच. आणि निरोप पोचवण्याचे काम या मातीत पिढ्यानपिढ्या कोणाच्या माथी होते हे आपल्याला कोणी सांगण्याची गरज नाही.

१

गावगाड्यात तार, टपाल, टेलिफोन हे सगळे एकाच माणसात सामावलेले होते. तो माणूस म्हणजे वेसकर महार. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, वसुलाच्या रकमेबरोबर तालुक्याला जाणे, चावडीवर लोकांना बोलावणे, आल्यागेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, गावात कोणी मेले तर परगावच्या सोयऱ्यांना मयताचा सांगावा देणे, ही सारी कामे त्याची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात गावकीची ही व्यवस्था तपशिलाने आली आहे. कोकणात खोताचा अंमल जबर असल्याने बलुत्याचे रूप देशावरच्यासारखे नव्हते. पण राबणूक तीच होती. ऊन असो, पाऊस असो, घरात तान्हे मूल तापाने फणफणलेले असो, सांगावा निघाला की पाय निघालेच पाहिजेत.

वेसकराच्या काठीला घुंगरू असत. काठी आपटली की घुंगरू वाजत आणि कोण येत आहे हे लोकांना कळे. त्या आवाजाचे दोन अर्थ होते. निरोप आला आहे, हा एक. आणि बाजूला व्हा, सावली पडेल, हा दुसरा. म्हणजे ज्याच्या तोंडून गावाला साऱ्या जगाची खबर मिळायची त्याच्याच अंगाचा गावाला विटाळ होता. त्याने आणलेला निरोप घरात घेतला जाई. तो मात्र अंगणाबाहेर उभा राही. निरोप त्याने वाहिला, पण त्यातला एकही शब्द त्याचा नव्हता. आपल्या मेलेल्या माणसाचा सांगावा पोचवायला त्याच्यासाठी गावात दुसरा कोणी वेसकर नव्हता.

या चाकरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर तारायंत्राला शंभर वर्षे होऊन गेली होती. मुंबईचा साहेब बसल्या जागी विलायतेला तार करीत होता आणि मुंबईपासून हाकेच्या अंतरावर कुलाबा जिल्ह्यात आपला माणूस घुंगुरकाठी घेऊन चिखल तुडवीत होता. नवे यंत्र आले म्हणून जुनी चाकरी आपोआप सुटत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे. ती कायद्याने सोडवावी लागते आणि कायद्यासाठी भांडावे लागते.

२

दुसऱ्याचा निरोप वाहणाऱ्याने स्वतःचा निरोप लिहिला, ही आधुनिक महाराष्ट्रातली मोठी क्रांती होय, आणि तिचा एक उगम याच कुलाबा जिल्ह्यात आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहिली. लष्करात मिळालेले अक्षर त्यांनी प्रश्न विचारण्यासाठी वापरले. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. छापखान्याचे यंत्र तर सगळ्यांसाठी सारखेच खिळे जुळवते. नकार खिळ्यांनी दिला नव्हता, मालकाने दिला होता.

मार्च १९२७ ची महाडची परिषद भरली ती कशाच्या बळावर? आपल्या हाती ना तार होती, ना वृत्तपत्र. 'बहिष्कृत भारत' निघाला तो नंतर, ३ एप्रिलला. कार्यकर्ते आधीचे दोन महिने खेडोपाडी पायी हिंडले आणि परिषदेचा सांगावा देत गेले. पूर्वजांनी गावासाठी तुडवलेल्या वाटांवर त्यांचीच मुले स्वतःचा निरोप घेऊन चालली. माझ्या मते घुंगुरकाठी खऱ्या अर्थाने खाली ठेवली गेली ती तेव्हा.

पण त्याच महाडात दुसरा एक निरोप निघाला, तोही विसरून चालणार नाही. २० मार्चला लोक चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतले आणि थोड्याच वेळात गावात आवई उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसे काहीही ठरलेले नव्हते. पण तेवढ्या एका खोट्या बातमीवर लाठ्या निघाल्या, जेवणाच्या पंगतीत माणसे झोडपली गेली आणि आसपासच्या खेड्यांतूनही आपल्या लोकांना मार बसला. आवई पाण्यापेक्षा वेगाने वाहते, आणि ती नेहमी उताराच्याच दिशेने वाहते.

डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब निघाले तेव्हा पेणकरांच्या ओळखीचा मार्ग होता धरमतरचा. मुंबईहून बोटीने धरमतरला उतरायचे आणि तिथून मोटारीने पेणवरून महाडकडे जायचे. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बसवून घ्यायला नकार दिला तर? म्हणून २४ डिसेंबर १९२७ ला 'पद्मावती' बोटीने सगळे दासगावला गेले. तिथून महाड पाच मैल. कोणी नाकारले तर पायी चालता यावे एवढे जवळ. मोटार हे त्या काळचे सर्वांत नवे यंत्र होते. ते तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाचे असायला हवे होते, पण आपल्या पुढाऱ्यांना प्रवास आखताना इंधनाचा हिशेब कमी आणि नकाराचा हिशेब जास्त करावा लागला. यंत्राचा इतिहास लिहिताना हा नकाराचा हिशेब कोणी मांडत नाही. तो आपणच मांडला पाहिजे.

३

स्वातंत्र्यानंतर यंत्रे भराभर आली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. दोन्ही गोष्टी एकाच मुंबईत घडल्या, पण पडद्यावर बराच काळ एकीचेच दर्शन होत राहिले. १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. १९८६ साली आपट्याहून पेणमार्गे रोह्यापर्यंत रेल्वे आली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामगार म्हणून जाणारी, पनवेल-मुंबईकडे रोजगाराला निघालेली आपली माणसे त्या गाडीत बसली. धरमतरच्या मोटारवाल्याची मेहेरबानी आता लागत नव्हती. पुढे याच रोह्यापासून कोकण रेल्वे निघाली आणि १९९८ साली संपूर्ण मार्ग खुला झाला.

पण या सगळ्या यंत्रांत आपल्या वस्त्यांनी मनापासून आपलेसे केले ते कॅसेटचे यंत्र. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज रेडिओच्या परवानगीची वाट न पाहता घराघरांत शिरला. कॅसेट स्वस्त होती, एकीवरून दुसरी भरता येत होती, आणि ती वाजवायला कोणा संपादकाची किंवा केंद्र संचालकाची सही लागत नव्हती. मुंबईत गिरणीत किंवा गोदीत काम करणारा मुलगा जयंतीला गावी येताना कॅसेट घेऊन येई आणि रात्रभर वाडी जागी राही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला बुद्ध आणि भीम कानांतून समजले. आपल्या समाजाच्या ज्ञानाचा इतिहास लिहिताना कॅसेटला पुस्तकाच्या शेजारी ठेवले पाहिजे. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले. मुंबईतल्या नातलगाचा आवाज काचेच्या पेटीत उभे राहून ऐकता आला, आणि मयताचा सांगावा पहिल्यांदाच कोणाच्या पायांवाचून पोचू लागला.

४

१९९५ साली दोन गोष्टी एका पंधरवड्यात झाल्या. ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल संवाद झाला आणि १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पेण-रोह्याच्या वाड्यांपर्यंत ते यायला पुष्कळ वर्षे लागली. पण या यंत्राने आपल्याला काय दिले हे दाखवायला एकच नाव पुरेसे आहे : खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांना तिचे जातीय रूप दिसायला वेळ लागला. मोबाइलवरचे लघुसंदेश, ई-मेल आणि आंबेडकरी तरुणांची संकेतस्थळे यांनी ती बातमी वस्तीवस्तीत नेली आणि मग रस्ते भरले. १९२७ साली दोन महिने पायी चालून जे करावे लागले ते आता काही तासांत झाले. संपादकाच्या नकाराला प्रथमच वळसा घालता आला. हे लहान काम नव्हे, आणि यंत्राला शिव्या देणाऱ्या आपल्यातल्या विद्वानांनी ते विसरू नये.

आता दुसरी बाजू पाहा. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून वाद पेटला, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी नोंदवले. वेसकराच्या काठीचे घुंगरू शेकडो वर्षे वाजले, कोणाला खटकले नाहीत. कारण तो आवाज गावाच्या सोयीचा होता. खिशातले यंत्र स्वतःच्या बापाचे नाव घेऊन वाजले आणि ते सहन झाले नाही. आवाज तोच, वाजवणाराही तोच. फरक एवढाच, की आता निरोप त्याचा स्वतःचा होता.

आणि आवई? तीही या यंत्रावर स्वार झाली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे खोटे संदेश व्हॉट्सॲपवरून त्या दिवसांत सर्वत्र फिरत होते. वीरेश्वराच्या देवळाची आवई आणि ही आवई यांच्यात एक्याण्णव वर्षांचे अंतर आहे. यंत्र पार बदलले, पण उतार बदलला नाही. भटक्याच्या, गावकुसाबाहेरच्या माणसाच्या अंगावरच ती जाऊन आदळली.

५

'पण मोबाइलवर जात कुठे दिसते?' असे आपली शिकलेली मुलेही विचारतात. त्यांनी आपल्याच हातातल्या यंत्राकडे नीट पाहावे.

कोकणात जाधव, मोरे, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत आणि आपल्यातही आहेत. त्यामुळे नावावरून भागले नाही की पुढचा प्रश्न येतो, 'गाव कोणते?' आणि त्याच्या पुढचा, 'वाडी कोणती?' हे प्रश्न निदान तोंडाने विचारावे लागत. विचारणाऱ्याला थोडा तरी संकोच होई. आता ट्रूकॉलरसारखे उपयोजन अनोळखी नंबराचे नाव सांगते. ते नाव आपण ठेवलेलेच असते असे नाही. इतरांनी आपापल्या फोनमध्ये आपला नंबर ज्या नावाने साठवला त्यातूनही ते उचलले जाते. गावातल्या एखाद्याने ओळख पटावी म्हणून नावापुढे 'बौद्धवाडी' असे लिहून ठेवले असेल, तर ते लेबल मुंबईतल्या खोलीच्या मालकाच्या पडद्यावरही उमटू शकते. विचारणारा कोणी नाही, संकोच कोणाला नाही, आणि उत्तर मात्र तयार आहे. महाराने जोहार घालून स्वतःची जात आधी सांगायची, ही रीत आपण मोडली. ती आता यंत्र आपल्या वतीने पाळू लागले आहे.

पैशाचेही तसेच. ३० डिसेंबर २०१६ ला मोबाइलवरून पैसे देण्याचे 'भीम' हे उपयोजन सुरू झाले आणि ते बाबासाहेबांच्या नावाने असल्याचे सांगण्यात आले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्याचा हा गौरव, असे म्हणता येईल. आपल्या आजोबांच्या हातचा पैसा दुकानदार पाणी शिंपडून घेई आणि माल वरून टाकी. चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर मोबाइल धरला की आज स्पर्शच उरत नाही. पण स्पर्श न उरणे म्हणजे अस्पृश्यता न उरणे नव्हे. पैसे पोचले की देणाऱ्याचे नाव-आडनावही पोचते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु सरकारी कागदावर नाव बदलले तरी नकाशात, पार्सलच्या पत्त्यात आणि शेजारच्या गावाच्या फोनमध्ये ते कधी बदलणार, हे शासनाच्या हाती नाही. ते मनाच्या हाती आहे.

६

आता पेणकडचीच दोन उदाहरणे घेऊ. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर कौल घेतला गेला. रिलायन्सच्या प्रकल्पाला जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्यांना विचारण्यात आले. देशात असे विरळाच घडले, आणि तो लढा अभिमानास्पदच होता. पण कौल होता खातेदारांचा. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचे मत विचारण्याचा प्रश्नच आला नाही. कातकरी ज्या जमिनीवर राबतो, बौद्धवाडीचा मजूर ज्या बांधावर घाम गाळतो, तिचे काय व्हावे याबद्दल तो मुकाच राहिला. आज सातबारा संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. पाहता येतो, पण कोणाचा? ज्याचे नाव त्यावर आहे त्याचा. कागदावर जो नव्हता तो पडद्यावर कसा येईल? ५ सप्टेंबर २०१६ ला त्याच उद्योगघराण्याच्या जिओने सुरुवातीला फुकट डेटा वाटला. जमीन घेताना निदान कौल तरी घेतला होता. आपले बोलणे, पाहणे, आवडणे-नावडणे ही नवी जमीन आपण कौलावाचून, खूण दाबून, देऊन बसलो.

दुसरे उदाहरण ३ जून २०२० चे. टाळेबंदीने शाळा बंद होत्या आणि नवे वर्ष मोबाइलवर सुरू करण्याची तयारी चालली होती. नेमक्या त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. ज्या घराला छप्पर नाही, वीज नाही आणि चौघा भावंडांत एक फोन, तोही बाप कामावर घेऊन जातो, त्या घरातल्या मुलाला 'शाळा आता तुझ्या हातात आली' असे सांगण्यात आले. चवदार तळेही सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केलेलाच होता. ठराव होता, पाणी होते, फक्त तळ्यापर्यंत जाता येत नव्हते.

आणि एक गोष्ट, लहान दिसणारी. आपल्या बापाच्या पिढीने अंगठा टाकून दिला आणि सही केली. सावकाराच्या कागदावरचा अंगठा ही गुलामीची खूण होती. सही ही माणूसपणाची. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून आधार सुरू झाले आणि काही वर्षांत रेशनच्या दुकानात यंत्र आले. ते सही ओळखत नाही. ते पुन्हा अंगठा मागते. वीटभट्टीवर, खाणीवर, कोळशाच्या कामावर ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचा अंगठा यंत्राला कळत नाही. ज्या श्रमाने रेषा झिजवल्या त्याच श्रमाचा पुरावा म्हणून झिजलेले बोट पुढे करावे, तर यंत्र म्हणते, हा माणूसच नाही.

७

मग यंत्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. शहर, शाळा, छापखाना, रेल्वे यांतली एकही गोष्ट आंबेडकरी माणसाने टाकली नाही. खेड्याच्या आणि चरख्याच्या मोहात तो पडला नाही. प्रश्न यंत्राचा नसून मालकीचा आहे. वेसकर निरोप वाहायचा, पण निरोप त्याचा नव्हता. 'मूकनायक'चा निरोपही आपला होता, अंकही आपला होता. आजची अवस्था या दोहोंच्या मधली आहे. निरोप आपला आहे, पण तो लिहिलेली पाटी दुसऱ्याची आहे. आणि पाटीचा मालक वाटेल तेव्हा ती पुसू शकतो. आपले लाखो शब्द आज कोणाच्या तरी गोदामात पडून आहेत. असली प्रचंड माहितीगोदामे आता आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला उभी राहत आहेत. त्यांच्या भिंतींपर्यंत आपण पहारेकरी म्हणून, सफाई कामगार म्हणून पोचू. आत काय साठवले आणि काय पुसले, हे ठरवणाऱ्यांत आपण असू काय?

माझी विनंती अगदी साधी आहे. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे आज संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. ती मुलांनी मोबाइलवर उतरवून घ्यावीत. पण तेवढ्यावर थांबू नये. पेण आणि रोहे तालुक्यांतल्या प्रत्येक वाडीत एखादी लोखंडी ट्रंक आहे. तिच्यात जुनी हस्तपत्रके, जयंतीच्या वर्गणीच्या वह्या, धम्मदीक्षेचे फोटो, घरघर करणाऱ्या कॅसेटी आहेत. महाडच्या परिषदेला पायी गेलेल्यांची नातवंडे अजून आहेत; त्यांनी ऐकलेले त्यांच्याकडून आज ऐकता येईल, उद्या येणार नाही. तरुणांनी त्याच मोबाइलने ते आवाज भरून घ्यावेत, कागदांचे फोटो काढावेत, त्यांवर गाव, साल आणि माणसाचे नाव लिहावे, आणि त्याची एक प्रत वाडीच्या बुद्धविहारात, आपल्या मालकीच्या कपाटात ठेवावी. फुकट मिळालेल्या जागेवर सगळे सोपवून निर्धास्त होऊ नये.

पेण हे नाव रोमन लिपीत लिहिले की यंत्राला वाटते आपण लेखणी मागितली. त्याचे चुकत असेल, पण आपण ती चूक खरी करावी. दुसऱ्याचा सांगावा वाहण्यात आपल्या कित्येक पिढ्या गेल्या. आपला सांगावा आपणच लिहायचा, आपणच जपायचा आणि पुढच्या गावी आपणच पोचवायचा आहे.